नारळ हललाच नाही

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास साकीनाक्यामागच्या नदीत पाण्याचा वेग मोजायला मी इंजिनियर साहेबांच्या हाताखाली मजूर असायचो. काठावर ठोकलेल्या वरच्या खुंटीपाशी मी नारळ सोडायचा, खालच्या खुंटीला तो किती सेकंदात पोचतो ते साहेबांनी घड्याळात बघायचं. वहीत दोघांच्या सह्या.

त्या दिवशी नारळ कारखान्यांच्या काळ्या रेंद्यात रुतला. साहेब नाकाला रुमाल लावून काठावर उभे.

"साहेब, हलत नाय."

"मागचाच आकडा लिहिलाय. तू सही कर."

मी चौथी शिकलेला, पण सही माझी होती. कमरेएवढ्या घाणीत उतरलो, नारळ काढून त्यांच्या वहीवर ठेवला.

"हलला नाय, असं लिहा. मग करतो."

साहेबांनी रुमालाने वही पुसली, आकडा तसाच ठेवला. त्या पानावर माझी सही नाही. अंगाचा वास दोन आंघोळींत गेला. त्या रुमालाची शिसारी अजून येते.