डॉक्टरांसमोरचा शमू

शमुवेल साळवेला मी डॉक्टरांच्या तपासणीत पास केलं. आजारी माणसाला तालीम देऊन तपासणीला न्यायचं नसतं, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा, रूथवहिनींचा फोन आला. ‘भाऊजी, हे गेले,’ एवढंच म्हणाल्या. दिल्लीतल्याच द्वारका भागात, मुलाच्या घरी मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो, आणि डोळ्यांपुढे आला तो नेमका त्या तपासणीच्या दिवशीचा शमू... इस्त्रीच्या शर्टातला, तरतरीत, आणि माझ्यामुळे पुरता खोटा.

शमू नगरचा, मी साताऱ्याचा. दिल्लीत एकाच मंत्रालयात, कारखान्यांना परवाने देणाऱ्या विभागात, आमची टेबलं समोरासमोर. मयूर विहारला फ्लॅटही एकाच सोसायटीत घेतले. ईस्टरला मी त्याच्याकडे जेवायचो, गणपतीत तो माझ्याकडे आरतीला टाळ वाजवायचा आणि ताल मी चुकवायचो. मग उदारीकरण आलं, परवाने उठले आणि आमच्या विभागात फायलींपेक्षा कबुतरं जास्त झाली. त्याच सुमारास शमूचा उजवा हात टेबलावर नुसता ठेवलेला असला की थरथरायला लागला. सह्या करायची सवय जात नाही याची, असं मी सगळ्या सेक्शनला सांगितलं. सगळे हसले, शमूही हसला. पुढे त्याची सही बारीक बारीक होत गेली, तेव्हा सरकारी शाई वाचवतोस का, असंही विचारून झालं. पार्किन्सन हा शब्द आमच्या बोलण्यात आला तो त्यानंतर. माझे विनोद काही दिवस बंद पडले. काहीच दिवस.

वहिनी शाळेत शिकवायच्या, त्यांना दर वेळी रजा मिळत नसे. म्हणून इस्पितळात त्याला मी न्यायचो. नवी गाडी मिरवायची हौसही होतीच. डॉक्टर म्हणजे एक तरुण, शांत बाई. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटा, मूठ उघडा-मिटा, टाच जमिनीवर आपटा, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठा, दारापर्यंत जाऊन वळून या, असं त्या करून घ्यायच्या. शेवटी मागे उभ्या राहून त्याचे खांदे एकदम ओढायच्या. तोल सावरतो का, ते बघायला. प्रत्येक गोष्टीला गुण. फक्त इथे गुण जितके जास्त तितका आजार पुढे गेलेला. एका खेपेला त्या म्हणाल्या, थोडं वाढलंय. परतताना निजामुद्दीन पुलावर गाडी अडकली तेव्हा शमू हळूच म्हणाला, ‘यार, दर वेळी मी नापासच होणार का?’

त्या वाक्यानं माझ्यातला मास्तर जागा झाला. महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी आलेली मुलं रविवारी माझ्याकडे मुलाखतीचा सराव करायला यायची. बोर्डापुढे कसं बसायचं, घाबरलेले हात कुठे ठेवायचे, हे मी त्यांना शिकवायचो. मी स्वतः त्याच मुलाखतीत आपटलो होतो, हे मात्र शिकवायचो नाही. तीच विद्या मी शमूवर चालवली. सोसायटीच्या गच्चीवर आमच्या तालमी चालायच्या. डॉक्टर मी. मागून खांदे ओढले की तो माझ्या अंगावर यायचा आणि आम्ही दोघं पाण्याच्या टाकीला टेकून हसत बसायचो. सगळ्यात मोठी हुशारी गोळीची; ती घेतली की काही वेळ त्याचं अंग मोकळं व्हायचं. तिचा असर चढायला लागणारा वेळ आणि पुलावरची गर्दी यांचा मेळ घालून, ऐन तपासणीच्या वेळी ती रंगात येईल अशा बेतानं मी त्याला ती घरीच दिली.

तपासणी झकास झाली. बोटं टकाटक आपटली, उठला, वळला, तोलही सावरला. घरी कसे असता, असं डॉक्टरांनी शमूला विचारलं, तर उत्तर मी दिलं, ‘बिल्कुल फर्स्ट क्लास!’ औषध आहे तेच ठेवून त्यांनी लांबची तारीख दिली. बाहेर येऊन आम्ही छोले-भटुरे हाणले.

सोसायटीच्या फाटकाशी गोळी उतरली. शमूनं एक पाय गाडीबाहेर टाकला आणि तो तिथेच खिळला. मागे गाड्या, हॉर्न, कुणीतरी ओरडलं, भाईसाब, उतरना है कि नहीं? शमूच्या चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. आजारानं तेही सगळं पुसलेलं. फक्त डोळे माझ्याकडे. आणि मी आपला, चल, उजवा पाय, चल, म्हणत राहिलो... दुसरं काही येतच नव्हतं मला. शाळेतून परतणाऱ्या वहिनींनी पाहिलं. त्या रस्त्यावर खाली बसल्या आणि त्याचा पाय हातांनी उचलून पुढे ठेवला. मग विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? सुधारणा आहे, मी म्हणालो.

शमू पुटपुटला, ‘रूथ, झोपेत मला कूस बदलता येत नाही, ते सांगायचं राहिलं.’

मला हे ठाऊकच नव्हतं. आणि ते राहिलं नव्हतं, मी सांगू दिलं नव्हतं.

वहिनींनी इस्पितळात फोन केला, रजा काढली आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं सकाळची गोळी न देता त्याला घेऊन गेल्या. मीही गेलो, मागच्या सीटवर. त्या दिवशी डॉक्टरांना खरा शमू दिसला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मुझे इनका सबसे अच्छा आधा घंटा नहीं, इनका पूरा दिन देखना है।’

औषध वाढलं. त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. काही काळ झालंही. मग त्याची मान, खांदे, हात आपोआप झुलायला लागले. औषध कमी करावं तर दगड, वाढवावं तर हे झुलणं. या दोन्हींच्या मधे त्याला कुठेतरी उभं करायला आम्ही धडपडत होतो आणि ती मधली जागा वर्षागणिक अरुंद होत गेली. आजार किती पुढे गेलाय हे आता आम्हाला बरोबर कळत होतं. कळून करायचं काय, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. आवाज गेला, घास अडकायला लागला, आणि यंदाच्या थंडीत छातीत कफ भरला तो हटलाच नाही.

परवा वहिनींकडे गेलो होतो. शमूच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आहेत, आडव्या, वीत-वीत अंतरावर. सपाट जमिनीवर अडलेला पाय समोर काही ओलांडायला दिसलं की उचलला जातो, म्हणून वहिनींनी त्या लावल्या होत्या. मी नकळत एकेक पट्टी ओलांडत चाललो होतो, तेवढीच लहान पावलं टाकत. मला वाटलं, वहिनींना या बघवत नसतील. स्वयंपाकघरातून सुरी आणली, गुडघ्यांवर बसलो आणि पहिल्या पट्टीचं टोक उचकटलं. या काढून टाकतो, असं मोठ्यानं सांगितलंही. वहिनी आल्या. सुरी माझ्या हातातून काढून घेतली, खाली वाकल्या आणि उचकटलेलं टोक अंगठ्यानं दाबून दाबून पुन्हा बसवलं.

‘भाऊजी, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला काही सुचलं की आमचं काम वाढतं.’