सहस्रकुंडावर धुतलेली चादर

काल किराणा दुकानात कपड्यांच्या पिवळ्या साबणाची वडी सहज नाकाजवळ नेली आणि मी थेट सहस्रकुंडाच्या खडकावर जाऊन उभी राहिले.

शेलूबाजारहून आम्ही सारे नातेवाईक जीपनं तो धबधबा पाहायला गेलो होतो. पैनगंगा काळ्या खडकांवरून धाडधाड कोसळत होती आणि उडणाऱ्या पाण्यानं आमची तोंडं ओली झाली होती. जेवणं उरकल्यावर मायनं अंथरलेली चादर उचलली, कडेच्या वाहत्या पाण्याशी गेली, पिशवीतून साबणाची वडी काढली आणि चादर धुवायलाच बसली. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आजूबाजूला नटूनथटून आलेली माणसं पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माय, लोक पाहून राह्यले ना!"

"पाहू दे. घरी एका बादलीत धुतो आपण. मले एक डाव तं मन भरून खंगाळू दे."

ती चादर पाण्यात सोडायची, ओढायची, पुन्हा सोडायची. फेस केव्हाच निघून गेला होता, तरी तिचे हात थांबेनात.

साबण तिनं घरूनच आणला होता, हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली. धबधबा म्हटल्यावर तिला आधी तेच सुचलं असणार.

त्या दिवशीचा फोटो अजून आहे. मागे धबधबा, पुढे आम्ही सगळे. माय नाही. ती त्यात येणार नाही असा काढ, असं मामेभावाला मीच सांगितलं होतं. एका कडेला तेवढा ओल्या चादरीचा कोपरा आलाय.