मेखला दुसऱ्यांदा उभी राहिली

रामनाथ धनावडे एके काळी नाटकात बाईचं काम करायचे, हे त्यांच्या मुलाला, अमोलला, कळलं तेव्हा तो मिरा रोडच्या कॉल सेंटरमध्ये टीम लीडर झाला होता. कळलं तेही रविवारच्या पेपरातून. पण ते पुढे.

लांजा तालुक्यातल्या त्यांच्या गावात ग्रामदेवतेच्या जत्रेला नाटक व्हायचं. शाळेतले बाबाजी मास्तर स्वतः नाटकं लिहायचे, पदं रचायचे आणि चालीही लावायचे. त्यांचं 'संगीत मेखला' त्या पंचक्रोशीत फार गाजलं. नवरा लढाईवर गेलेला, मेखला वाट बघत राहते, आणि तो परततो तेव्हा ओळख विसरलेला असतो, अशी साधी गोष्ट. बाई रंगमंचावर यायची सोय नव्हती. रामनाथ तेव्हा सतरा वर्षांचा, अंगाने काटकुळा, गळा मऊ. मास्तरांनी त्यालाच लुगडं नेसवलं. सलग तीन वर्षं तो मेखला झाला. बायका बसायच्या त्या बाजूला डोळ्यांना पदर लागायचे. शेजारच्या गावची एक चौदा वर्षांची मुलगीही त्यांत होती. तिचं नाव शेवंती. पुढे तिच्यासाठी रामनाथचं स्थळ आलं, तेव्हा बापाने विचारायच्या आधीच ती हो म्हणून बसली होती.

मग मुंबई, मग भाईंदर. स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात रामनाथला पॉलिशचं काम मिळालं. तिथे गावाकडच्या कुणीतरी मेखलेची गोष्ट सांगितली आणि सगळं बिघडलं. पोरं त्यांच्या मागून कंबर हलवत चालायची, डबा खाताना "मेखलाबाई, लोणचं घ्या" म्हणायची. रामनाथ भांडले नाहीत. त्यांनी जाड मिशी वाढवली आणि गाणं बंद केलं. घरातसुद्धा. अमोल लहान असताना अंगाई म्हणायची ती शेवंतीनेच.

दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी निकेत सावंत घरी आला. भाईंदर पश्चिमेतल्या कोकणी मंडळींच्या कलामंडळाचा हा तरुण दिग्दर्शक, बँकेत नोकरी करून नाटकं बसवणारा. बाबाजी मास्तरांच्या नातवाने त्याला 'मेखला'ची संहिता दिली होती. सरकारच्या संगीत नाटकांच्या स्पर्धेत ती उतरवायची, असं मंडळाने ठरवलं होतं.

"काका, शब्द आहेत, चाली नाहीत," निकेत म्हणाला. "मास्तर गेले, पेटीवाले गेले. तुम्ही एकटेच उरलात."

"मला काही आठवत नाही." रामनाथांनी कारखाना बंद पडल्यापासूनच्या सवयीने टीव्हीचा रिमोट हातात घेतला.

"एखादी ओळ तरी?"

"नाही रे बाबा. जुनं झालं ते. चहा घे आणि जा."

निकेत खाली मान घालून चहा पिऊ लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. शेवंती कोथिंबीर निवडता निवडता गात होती, "पाऊल का ना वाजे अंगणी, दीप हा मंद झाला..."

"झाला नाही, झाऽला," रामनाथ तिथूनच म्हणाले. "वर जायचं. तू खालीच राहिलीस." आणि त्यांनी ती जागा घेऊन दाखवली.

गळा गंजलेला होता. तरी निकेतने कप खाली ठेवला. शेवंती कोथिंबिरीची जुडी हातात धरून दारात येऊन उभी राहिली. कित्येक वर्षांनी त्या घराने रामनाथांचा सूर ऐकला होता. रामनाथ ओशाळले, पण मग पुढची ओळ आपोआपच आली, त्याला काही इलाज नव्हता.

तालमी महापालिकेच्या शाळेच्या एका वर्गात सुरू झाल्या. मेखला करत होती मिनल भोईर. राई गावातली आगरी मुलगी, शाळेत संगीत शिकवणारी. गळा तयारीचा होता. तिने चाली पटापट उचलल्या, पण वाट बघण्याच्या प्रवेशात ती अवघडून जायची. हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं.

"काका, तुम्ही करून दाखवा ना एकदा," ती म्हणाली.

वर्गात बारा-पंधरा जण होते. रामनाथांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग मिनलची ओढणी खांद्यावर घेतली आणि फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. एक हात चौकटीवर असल्यासारखा वर केला, मान जराशी एका बाजूला कलती केली आणि पद सुरू केलं. पंचावन्न वर्षांचा, मिशीवाला, शर्ट-पँटीतला माणूस. कुणी हसलं नाही. पद संपल्यावर तबलजी लवू पाटणकर एवढंच म्हणाला, "काका, पाणी देऊ का?" मग स्वतःच दोन घोट प्याला.

त्या दिवशी रामनाथ घरी चालत आले. मासळी बाजाराशी रिक्षावाला थांबला, "काका, बैठो," म्हणाला, तरी बसले नाहीत. आणखी थोडा वेळ चालावंसं वाटत होतं.

पुढे मिनलने त्यांची प्रत्येक लकब उचलली. अमोलला घरी एवढंच सांगितलं होतं की बाबा नाटकाला चाली शिकवतायत. शेवंती म्हणाली, "अहो, पूर्ण सांगा की पोराला." ते म्हणाले, "बघू."

स्पर्धेच्या आधी मंडळाने भाईंदरमध्येच एक प्रयोग लावला. एका दैनिकाचे नाट्यसमीक्षकही आले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन पदांना वन्स मोअर मिळाला. निकेत तर विंगेत उड्याच मारत होता. "काका, पहिला नंबर आपला!"

पुढच्या रविवारी समीक्षा आली. अमोलला ती ऑफिसातल्या मित्राने फोन करून सांगितली. तो खाली जाऊन पेपर घेऊन आला आणि उभ्या उभ्याच मोठ्याने वाचू लागला. "'मेखला'ची पदं आजही ताजी आहेत आणि त्यांचं पुनरुज्जीवन केल्याबद्दल मंडळाचं कौतुक करायला हवं. मात्र नायिकेच्या हालचाली जुनाट आणि लाडिक वाटतात. मिनल भोईर ही आजची, चांगल्या गळ्याची मुलगी. तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचं तरी लुगडं चढवल्यासारखं दिसतं. मूळ नायिका रामनाथ धनावडे या पुरुष नटाने रंगवली होती आणि तेच मार्गदर्शक आहेत, हे कळल्यावर उलगडा होतो. पुरुषाने कल्पिलेली बाई आजच्या प्रेक्षकाला पटणं कठीण. स्पर्धेत हे नाटक संगीतासाठी बक्षीस मिळवेल. अभिनयाचं काही सांगता येत नाही."

अमोल थांबला. "बाबा, हे तुम्ही?"

रामनाथ दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी मान हलवली. आता तो हसेल, असं त्यांना वाटलं. कारखान्यातली पोरं हसायची तसा.

"मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटायची."

"माझ्यासमोर?" अमोल म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण रागापेक्षा दुखावलेपणच जास्त. "आईला माहीत, गावाला माहीत, या पेपरवाल्याला माहीत. मलाच तेवढं नाही."

रामनाथांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला. अमोलने पेपर घडी करून टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि खाली निघून गेला. शेवंतीने नवऱ्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि उरलेला साबण पुसून टाकला.

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. स्पर्धा तोंडावर आली होती. कुणी म्हणालं, परीक्षकही हेच म्हणणार, हालचाली बदला. कुणी म्हणालं, काकांचा अपमान होईल. निकेत दोन्हीकडून अडकला होता. मिनल सगळ्यांत हट्टी. "मी काही बदलणार नाही. काकांनी दिलंय ते तसंच करणार. बक्षीस गेलं खड्ड्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामनाथ रिक्षाने राईला गेले. भोईरांचं घर जुनं, अंगण मोठं. पलीकडे पूर्वी मिठागरं होती, आता भराव पडून इमारती उठल्या होत्या. मिनलची आजी मंजुळा ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"बस बाला," ती म्हणाली. "पोर सकालधरना जेवली न्हाय. तुज्यासाठी रागावलीय."

मिनल बाहेर आली. रामनाथ तिच्याशेजारी ओट्यावर बसले.

"पोरी, तो पेपरवाला एका ठिकाणी चुकलाय आणि एका ठिकाणी बरोबर आहे," ते म्हणाले. "मी बाई कल्पिली नव्हती. ती माझी आई होती."

"तुमची आई?" मिनलने विचारलं.

"वडील मुंबईत गोदीत होते. सणाला यायचे. कधी येतील ते सांगता यायचं नाही. आई दारात उभी राहायची. तिला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. म्हणून उजवा कान पायवाटेकडे करायची, मान अशी कलती करून. वहाणांचा आवाज येतोय का ते ऐकायची. मास्तरांनी मला सांगितलं, वाट बघ. मला दुसरं कुठलं वाट बघणं माहीत होतं?"

मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी तेच करणार, काका. आता तर नक्कीच."

"नाही. तू माझ्या आईला बघितलं नाहीस. तू मान कलती केलीस की तो नखरा होतो. तिथे तो बरोबर आहे." हे म्हणणं रामनाथांना जड गेलं, तरी त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात कुणी वाट बघितली नाही का कधी?"

मिनलने आजीकडे पाहिलं. मंजुळाने सुकटीतून डोकं वर केलं.

"मी? मी कवा बगीत बसलू?" ती म्हणाली. "मिनलचा आजा मिठागरावर ऱ्हायाचा. भरतीचं पानी चरलं का जीव ऱ्हायाचा न्हाय ठिकानावर. मंग मी भांडी घासायची. घासलेली भांडी परत घासायची. त्यो आला का मंग हात थांबायचं."

रामनाथ मिनलला म्हणाले, "हे घे. हे तुझं आहे."

स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचा प्रयोग ठाण्याला होता, दुपारचा. रामनाथ आणि शेवंती तिसऱ्या रांगेत बसले. नाटक सुरू होण्याच्या जरा आधी कुणीतरी बाजूच्या खुर्चीत येऊन बसलं. अमोल होता. "रजा टाकली," तो समोर बघतच म्हणाला.

वाट बघण्याचा प्रवेश आला. मिनल दारात गेलीच नाही. ती तांब्याचा हंडा घेऊन खाली बसली आणि घासू लागली. घासता घासता गाऊ लागली. घासलेला हंडा बाजूला ठेवला, जरा वेळाने पुन्हा ओढला. "दीप हा मंद झाऽला" या जागेवर तिचे हात थांबले, आणि अख्ख्या नाट्यगृहात कुणी हललं नाही.

रामनाथांना आधी पोकळ वाटलं. आपण तीन वर्षं जी उभी केली, जिच्यासाठी एवढं सोसलं, ती आज रंगमंचावर कुठेच नव्हती. मग पदाची पुढची ओळ आली, त्यांनीच शिकवलेली, मास्तरांची. ती त्या मुलीच्या गळ्यातून अशी काही आली की ते पोकळपण विसरून गेले. शेवंती रडत होती. अमोल हळूच म्हणाला, "बाबा, ही चाल तुमच्या लक्षात होती एवढी वर्षं?"

"होती."

"मग तुम्ही घरात गात का नव्हता?"

"आता गाईन," रामनाथ म्हणाले.

निकाल लागला. नाटकाला तिसरा क्रमांक. मंडळाला वाटलं होतं पहिला येईल, त्यामुळे दोन दिवस चरफड झाली. पुढे फक्त पहिली दोन नाटकं जाणार होती, त्यामुळे अंतिम फेरी हुकली. संगीताचं बक्षीस, जे समीक्षकांनी हमखास धरलं होतं, ते दुसऱ्याच नाटकाला गेलं. मिनलला मात्र गायक अभिनेत्री म्हणून रौप्यपदक मिळालं. त्या समीक्षकांनी निकालावर दोन ओळी लिहिल्या, त्यांत 'मेखला'चं नाव होतं, बाकी काही नव्हतं. बदललं नसतं तर काय झालं असतं, यावर मंडळात अजूनही वाद होतो. रामनाथ त्यात पडत नाहीत.

मंजुळा नातीला घेऊन पेढे द्यायला आली तेव्हा रामनाथांचा हात हातात घेऊन म्हणाली, "पोर माजी हाय, पन गानं तुजं हाय. दोगांचं मिलून झालं यो."

पुढच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत रामनाथांनी दोन पदं म्हटली. वरच्या पट्टीत आवाज फाटला. ते थांबले, हसले आणि पट्टी खाली घेऊन पुन्हा सुरू झाले. तळमजल्यावरचे दिनेशभाई शहा अमोलला म्हणाले, "अरे, तेरे पप्पा तो बहुत अच्छा गाते हैं! पहले कभी बोला नहीं?"

"गाते क्या," अमोल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मेरे बाबा नाटक में हिरॉइन थे. तीन साल!"

मांडवात दोन-चार जण हसले. दिनेशभाई हसले नाहीत, त्यांना पुढचं ऐकायचं होतं. रामनाथांनी ते वाक्य ऐकलं होतं. त्यांनी पेटीवाल्याला हात केला, "जरा थांब," आणि मुलाकडे पाहत म्हणाले, "अमोल, इकडे येऊन बस. पुढचं पद जरा लांब आहे."