फोन सकाळी आठ ते नऊ

मावशीचं पाळणाघर तळमजल्यावर होतं, आणि सकाळी आठ ते नऊ या वेळात तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आया मुलं सोडायला यायच्या, बाप विसरलेली दुधाची बाटली द्यायला धावत परत यायचे, कुणाचा एक बूट सापडायचा नाही, कुणी दाराला घट्ट धरून भोकाड पसरायचं. त्या तासाभरात चार हात असते तरी कमीच पडले असते. मावशीला होते दोन, आणि त्यातला उजवा गेले दोन महिने बेइमान झाला होता.

आणि ज्या डॉक्टरीणबाई असे बेइमान हात तपासायच्या, त्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचा फोन नेमका सकाळी आठ ते नऊ याच वेळात उचलला जायचा. ही वेळ कुणी ठरवली ते कळायला मार्ग नाही. ज्याने ठरवली त्याच्या घरी लहान मूल नसणार, किंवा असलंच तर ते सांभाळायला एखादी मावशी असणार.

मावशीला सगळे मावशीच म्हणायचे. मुलं म्हणायची, मुलांच्या आया म्हणायच्या, टक्कल पडलेले बापसुद्धा म्हणायचे. तिची स्वतःची मुलगी याच गोतावळ्यात वाढली, त्यामुळे तीही मावशीच म्हणायची. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी आईचं नाव विचारलं तेव्हा पोरीने ठणकावून ‘मावशी’ असं सांगितलं होतं. आता ती लग्न होऊन दूर गेली आहे. फोनवर आई म्हणते, पण चिडली की अजून ‘ए मावशी’ असंच तोंडातून निघतं. नवरा एका शीतगृहात रात्रपाळीचा पहारेकरी. दिवसा तो आतल्या खोलीत झोपायचा आणि बाहेर सहा मुलांनी आकाशपाताळ एक केलं तरी त्याची कूस बदलायची नाही. तो तिला ‘अगं’ म्हणायचा, आणि फारच खुशीत असला की ‘अगं मावशी’.

हाताचं सुरू झालं ते मुंग्यांनी. मग एकदा कप सुटला, एकदा बाटली. ‘वय झालं गं बाई,’ म्हणून मावशी हसली आणि फरशी पुसायला बसली. पण त्यानंतर एका दुपारी ती भोपळीला पाळण्यातून उचलत होती. भोपळी म्हणजे सगळ्यात धाकटी, पाच महिन्यांची, अंगाने गुटगुटीत. तिचं खरं नाव आईने हौसेने इतकं अवघड ठेवलं होतं की मावशीच्या जिभेवर ते बसेचना. तर भोपळीच्या मानेखाली दिलेला उजवा हात एकाएकी नाहीसाच झाला. डोळ्यांना दिसत होता, पण मावशीला तो कळत नव्हता. बाळाचं डोकं मागे कललं. मावशीने डावा हात आणि गुडघा लावून तिला कसंबसं सावरलं आणि ती मटकन खाली बसली. भोपळीला तो नवा खेळ वाटला, ती खुदकन हसली. मावशीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. कुणी पाहिलं नव्हतं याचं आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

त्या दिवसापासून मावशीने बाळाला उभ्याने घेणं सोडलं. जमिनीवर गादी, गादीवर मावशी, आणि मग मांडीवर मूल. आयांना याचं भारी कौतुक. ‘आमच्या मावशी बाळाला खाली बसूनच घेतात हं, किती जपतात!’ असं भोपळीची आई दुसऱ्या एका आईला दारात उभी राहून सांगत होती. मावशी आत लंगोटांच्या घड्या घालत होती. तिला चेहरा कुठे लपवावा असं झालं.

सांगायचं कुणाला? सांगितलं तर मुलं जाणार. नवऱ्याच्या पगारात घरभाडं निघायचं, बाकी सगळं या पाळणाघरावर. हातावर पोट म्हणतात ते इथे अक्षरशः खरं होतं. आणि न सांगावं, तर एखाद्या दिवशी मूल पडणार. रात्री डोळा लागता लागता ते डोकं मागे कललेलं दिसायचं आणि मावशी दचकून उठून बसायची. यातून बाहेर पडायची वाट एकच होती, ती म्हणजे डॉक्टर. आणि त्या वाटेच्या तोंडाशी तो फोन बसला होता.

पहिल्या दिवशी तिने फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला. पलीकडे एक धून वाजत राहिली. मधूनमधून एक गोड आवाज सांगायचा की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मावशीने तेवढ्यात तीन मुलांचे बूट काढले, दोघांची भांडणं सोडवली. तिच्या पायाला डिंक चिकटला होता. हा डिंक अडीच वर्षांचा होता. एकदा चिकटला की सुटायचा नाही, म्हणून हे नाव. शेवटी पलीकडून खरा माणसाचा आवाज आला, ‘बोला.’ नेमकं त्याच क्षणी मावशी डिंकाला म्हणाली, ‘आधी नाक पूस, मग बोल!’ फोन बंद झाला.

दुसऱ्यांदा लागला तेव्हा तिने सगळ्यांना आधीच बिस्किटं वाटून ठेवली होती.

‘दुपारनंतर मिळेल का हो? संध्याकाळी सहानंतर?’

‘डॉक्टर पाचला निघतात.’

‘मग शनिवारी?’

‘शनिवारी फक्त जुने पेशंट.’

‘अहो, पण नवा पेशंट जुना व्हायचा तरी कधी?’

‘सकाळचं हवं असेल तर सांगा, मागे लाइन आहे,’ असं फोनवरच्या बाई म्हणाल्या. मावशी विचार करते आहे तोवर बिस्किटं संपली आणि घरात हलकल्लोळ झाला. ‘करते परत’ म्हणून तिने फोन ठेवला. परत करायला दुसरा दिवस उजाडावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी नुसती धूनच ऐकू आली.

त्याच आठवड्यात भोपळीची आई दारात घुटमळली. ती विम्याच्या कचेरीत कामाला होती, बाळंतपणाची रजा संपवून दोनेक महिन्यांपूर्वी रुजू झालेली.

‘मावशी, आज अर्धा तास उशीर झाला तर चालेल ना? डॉक्टरांची वेळ मिळालीय, केव्हाची मागत होते.’

‘जा बाई, जा. तब्येतीची हेळसांड करू नये,’ मावशी म्हणाली. मग आत जाऊन ती स्वतःवरच इतकी चिडली की डिंकाने न सांगता नाक पुसलं.

शेवटी तिने नवऱ्याला फोनवर बसवलं. त्याला तिने फक्त मुंग्या येतात एवढंच सांगितलं होतं, बाळाचं सांगितलं नव्हतं. रात्रपाळी करून आलेला माणूस तो, धून ऐकता ऐकता त्याचा डोळाच लागला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने उभ्याने फोन लावला आणि गुरुवारचा नंबर मिळवला, सकाळी अकराचा. मावशीने सगळ्यांना सांगून टाकलं की बँकेत काम आहे, तासाभरात येते. समोरच्या काकूंना मुलांपाशी बसवलं, नवऱ्याला तोंडावर पाणी मारून त्यांच्या मदतीला दिलं. डिंक कुणाकडेच राहीना, म्हणून त्याला सोबत घेतलं.

दवाखान्यात अकरा वाजून गेले, साडेअकरा होत आले. फोन वाजला. नवरा होता.

‘भोपळी रडतेय. दूध किती गरम असतं?’

‘मनगटावर थेंब टाकून बघा.’

‘कुणाच्या?’

‘तुमच्या, अहो!’

मावशीचा अर्धा जीव घरी होता. उरलेला अर्धा डिंकामागे धावत होता, कारण त्याला समोरच्या माणसाची काठी हवी होती. तेवढ्यात मदतनिसाने दारात येऊन एक नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. मावशीने मान वळवून सगळीकडे पाहिलं.

‘काय एकेक लोक असतात,’ ती काठीवाल्या आजोबांना म्हणाली. ‘नंबर लावायचा आणि गायब व्हायचं. इथे आम्ही जीव मुठीत धरून बसलोय.’

आजोबांनी मान डोलावली. पुढचं नाव त्यांचंच निघालं, ते लगबगीने आत गेले आणि दार लागलं. दार लागल्यावर मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. ते आधीचं नाव तिचं होतं. विजेच्या बिलावर होतं, मतदानाच्या ओळखपत्रावर होतं. पण तोंडाने कुणी त्या नावाने हाक मारून किती वर्षं झाली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती नोंदणीच्या खिडकीशी धावली. खिडकीतल्या बाईचा आवाज फोनवरचाच होता.

‘दोनदा पुकारलं तुम्हाला.’

‘अहो, मी इथेच बसले होते.’

‘मग उठला का नाहीत?’

माझं नाव मला ओळखू आलं नाही, हे कुणाला सांगण्यासारखं आहे का?

‘आता पुन्हा वेळ घ्यावी लागेल. फोन करा, सकाळी आठ ते...’

‘माझ्या हातातून मूल पडेल!’ मावशी ओरडली.

खिडकीतल्या बाईने मावशीच्या डाव्या कडेवरच्या डिंकाकडे पाहिलं.

‘हे नाही, कुठलंही पडेल,’ मावशी म्हणाली. ‘लोकांची मुलं आहेत माझ्याकडे. हात मधेच मरतो माझा. एकदा पडता पडता राहिलं. पुन्हा होईल तेव्हा तुमचा फोन लागलेला नसेल.’ दोन महिने जे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, ते तिने अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत बोलून टाकलं होतं. डिंकाने परिस्थिती ओळखून गळा काढला.

‘बसा,’ बाई हळूच म्हणाल्या. ‘मधेच सोडते.’

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या, पण हात मात्र त्यांनी सावकाश पाहिला. एक बोथट सुई घेतली. डिंकाला समोर स्टुलावर बसवलं.

‘डोळे मिटा. टोचलं की सांगा.’

मावशीने डोळे मिटले. कधी सुरुवात होते याची वाट पाहत ती बसून राहिली.

‘उघडा डोळे. झालं,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मनगटात नस दबली असावी, मानेतूनही असू शकतं, यंत्रावर तपासणी करावी लागेल, असं त्यांनी समजावलं. तोवर मनगटाला पट्टा, आणि या हाताने वजन उचलायचं नाही.

‘घरात लहान मूल आहे का?’

‘सहा आहेत.’

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबून वर पाहिलं.

‘बरा होईल ना?’ मावशीने विचारलं.

‘वेळेत आलं तर होतो. तुम्ही वेळेत आलात का, ते तपासणीत कळेल. तपासणीचा नंबर खिडकीतल्या बाईंच्या फोनवर लावा.’

कुठल्या वेळेत, ते मावशीने विचारलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी तिने पट्टा काढून पिशवीत टाकला. घरी भोपळी झोपली होती, काकू थकल्या होत्या, नवऱ्याचं मनगट भाजलं होतं. दुपारभर मावशी गादीवर बसून होती. कुणालाही उचललं नाही, ज्याला यायचं तो सरपटत आला.

संध्याकाळी भोपळीची आई दारात उभी राहिली, नेहमीसारखी घाईत. गादीवर भोपळी उताणी पडली होती. डिंक तिच्याजवळ बसून तिच्या इवल्याशा तळहातावर बोट टेकवत होता.

‘टोच. कळ्ळं? टोच. कळ्ळं?’

भोपळीची आई हसली. ‘हे काय नवीन?’

खेळ आहे, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. भोपळी बोट पकडायला पाहत होती, तिला प्रत्येक टोच कळत होती.

‘ताई, जरा आत या,’ मावशी म्हणाली. ‘तिला आज तुम्हीच उचला.’

मग तिने पिशवीतून पट्टा काढला आणि सगळं सांगितलं. बँक नव्हती हेही सांगितलं, पाळण्याचंही सांगितलं. भोपळीच्या आईने मूल छातीशी घट्ट धरलं.

‘कधीपासून?’

‘दोन महिने.’

‘दोन महिने तुम्ही हिला त्याच हाताने...’ ती वळली आणि गेली. मूल तिच्या खांद्यावरून मावशीकडे बघत होतं.

त्या रात्री मावशीला झोप लागली नाही, पण पहिल्यांदाच ते कललेलं डोकं दिसलं नाही. सकाळी आठ वाजले. इतर मुलं आली. भोपळी आली नाही. मावशीने पट्टा उघड्यावर बांधला होता. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. दोघांनी विचारलं, तिने सांगितलं, त्यांचे चेहरे पडले, पण कामाला उशीर होत होता म्हणून मुलं ठेवून ते गेले. उद्या येतील की नाही, देव जाणे.

नऊला थोडा वेळ असताना भोपळीची आई आली. तिने बाहेर बूट काढले, आजवर कधी काढले नव्हते. आत येऊन मुलीला स्वतः गादीवर ठेवलं.

‘मला राग आलाय,’ ती म्हणाली. ‘अजून गेलेला नाही.’

‘यायलाच हवा.’

‘रात्रभर दुसरीकडे जागा शोधली. कुठेच नाही.’ तिचे डोळे सुजले होते. ‘हिला उचलायचं नाही. काकूंना रोज बोलवा, काय द्यायचं ते आम्ही बघू.’

मावशीने मान डोलावली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की भोपळीच्या आईने केव्हापासून फोन कानाला लावलेला आहे. बारीक धून ऐकू येत होती.

‘घरून निघाल्यापासून लाइनवर आहे,’ ती म्हणाली. ‘त्या तपासणीचा नंबर...’ आणि एकदम हात वर करून तिने सगळ्यांना गप्प केलं. ‘हो, हॅलो, बोला. मला नाही, आमच्या मावशींना पाहिजे. नाव? एक मिनिट हं.’

तिने फोनवर तळवा ठेवला आणि ती ओशाळून मावशीकडे बघू लागली.

‘मावशी, नाव काय सांगू?’

मावशीने नाव सांगितलं. पोरांच्या गलक्यात भोपळीच्या आईला ते नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मावशीने फोन डाव्या हातात घेतला आणि पलीकडच्या बाईला जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं.