चाचपणेकाकांचा नाताळचा मोजा

चाचपणे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. मोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसून ते आयुष्यभर एकच काम करत आले होते. यंत्रातून आलेला मोजा उचलायचा, आत हात घालायचा, बोटं पसरायची आणि टाचेपासून चवड्यापर्यंत फिरवायची. सुटलेला टाका, आत राहिलेली गाठ, जाड झालेली शिवण, सगळं बोटांना आधी कळायचं. डोळे ते बहुतेक वेळा मिटूनच घेत, त्यामुळे नवीन आलेल्या माणसाला वाटे की हे गृहस्थ पगारी झोप काढताहेत. जुन्या लोकांनी त्यांना चाचपणे म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की शेजाऱ्यांकडून येणाऱ्या आमंत्रणांवरही तेच पडू लागलं.

असल्या माणसाच्या घरी नाताळचे मोजे टांगायचे म्हणजे काय होणार? मोजे अर्थातच कारखान्यातले, तेही नापास झालेले. एकाची टाच भलतीकडेच, एक लांबीला जवळजवळ पायजमा. घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याच्या मोज्यात एकेक छोटी भेट गुपचूप टाकायची. नियम तीनच. वस्तू मुठीत मावली पाहिजे, वर्षभर उपयोगी पडली पाहिजे आणि गळता कामा नये. यातला तिसरा नियम जावयाने शाईची दौत आणली त्या वर्षापासूनचा. त्यामुळे दर वर्षी त्या मोज्यांतून नेलकटर निघत, बुटाच्या नाड्या निघत, केसांच्या पिना, किल्लीच्या साखळ्या, चष्मा पुसायची फडकी निघत. पाहुण्यांना या भेटी दरिद्री वाटायच्या, पण त्या घरात कधी कुणाची नाडी तुटून खोळंबा झाला नाही.

सगळे आपापले मोजे उलटे करून मोकळे होत, पण काकांना तशी मुभा नव्हती. त्यांनी मोजा मांडीवर घ्यायचा, काकूंनी त्याचा चवडा ताणून धरायचा, काकांनी डोळे मिटून आत हात घालायचा आणि वस्तू बाहेर काढण्याआधी ती काय आहे ते सांगायचं. ते कधी चुकले नव्हते. जावई लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता आणि हट्टी होता. सासऱ्याला एकदा तरी तोंडघशी पाडायचं, एवढीच त्याची आयुष्यातली महत्त्वाकांक्षा. एका वर्षी त्याने लिफ्टच्या दारातली स्प्रिंग टाकली.

काका म्हणाले, "स्प्रिंग. दाराची. आणि जावईबापू, ही दमलेली आहे हो. ज्या लिफ्टमधून काढलीत तिथं नवीन बसवलीत ना?"

जावयाने कपाळाला हात लावला. घर हसून लोटपोट झालं आणि काकांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण जाईल असं वाटलं.

तर अशा या काकांची बोटं यंदा त्यांना सोडून चालली होती.

सुरुवात मुंग्यांनी झाली. मग मुंग्याही गेल्या आणि बोटांच्या टोकांना नुसता बधिरपणा उरला. सकाळी सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागायची. चहाचा कप गरम आहे हे ओठांना भाजल्यावर कळायचं. काकांनी याचा कुणाकडे चकार शब्द काढला नाही. घरी कळलं तर लेक म्हणणार, बाबा, पुरे झालं काम, आता घरी बसा. आणि घरी बसून करायचं काय? ज्याला सगळे चाचपणे म्हणून ओळखतात, त्याने काय खिडकीत बसून येणारेजाणारे बघायचे?

कारखान्यात त्यांनी एक तोड काढली. बोटांना कळत नव्हतं, पण गालाला कळत होतं. मग ते मोजा उलटा करून गालावरून फिरवू लागले. टाच, तळवा, चवडा, सगळं गालावरून. काम बरोबर होत होतं, फक्त दिसायला ते फार विचित्र होतं. एकदा सुपरवायझर बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. समोर पांढऱ्या केसांचा माणूस डोळे मिटून एका बायकांच्या लांब मोज्यावर गाल घासतोय.

"काका, बरं आहे ना सगळं?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"उत्तम आहे," काका दचकून म्हणाले. "सूत मऊ आलंय यंदा."

बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यानंतर त्यांच्या टेबलाकडे येताना आधी दुरूनच खाकरू लागल्या.

नाताळ जवळ आला तसं काकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात गाल चालून गेला, पण घरी सगळ्यांसमोर मोज्यात तोंड थोडंच घालता येणार? आजवर ज्या माणसाने दुसऱ्याचा साधा पेपरही न विचारता उचलला नव्हता, त्या माणसाने हेरगिरी करायचं ठरवलं. मोज्यात काय पडणार हे आधीच कळलं, तर बोटं असून नसून सारखीच.

लेकीची पिशवी खुंटीला होती. सगळे जेवायला बसल्यावर हात धुण्याच्या निमित्ताने ते उठले आणि पिशवीत डोकावले. साबणाची वडी होती, खोक्यावर टपोरा गुलाब. जावयाचं गुपित तर खोली ओलांडून ऐकू आलं. त्याच्या कोटाच्या खिशातून चालताना किणकिण होत होती, आणि कोट खुंटीवर गेल्यावर काकांनी खात्री करून घेतली. सायकलची घंटा. काकांना वाटलं, यंदा देवच आपल्या बाजूने आहे. असल्या वस्तू ओळखणं म्हणजे हातचा मळ.

राहिली नात. तिला त्यांनी जिन्यात गाठलं आणि इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले.

"आजोबा, आजीने सांगितलंय की सांगायचं नाही," नात म्हणाली.

"अर्थात. सांगूच नये," काका म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

"पण ती असंही म्हणाली, की आजोबा फारच मागे लागले तर सांगून टाक."

"मग मी लागलोय की मागे!"

"पेपरमिंटच्या गोळ्या. पत्र्याच्या डबीत. हलवलं की खुळखुळ वाजते."

काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोर अजून भोळी आहे, असं मनाशी म्हणाले. भोळं कोण होतं हे त्यांना चार दिवसांनी कळायचं होतं.

काकूंची भेट मात्र सापडेना. काकू चष्म्याच्या दुकानात काम करायच्या. त्यांची कामाची पिशवी, कपाट, शिवणाचा डबा, काकांनी सगळं पालथं घातलं. कपाटात त्यांना स्वतःचेच हरवलेले दोन रुमाल मिळाले, भेट मिळाली नाही. दर वर्षी सगळ्यात कठीण वस्तू काकूच टाकायच्या. एका वर्षी तर त्यांनी चष्म्याच्या काडीचा स्क्रू टाकला होता. असला स्क्रू यंदा आला, तर आपलं पितळ उघडं पडणार, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

नाताळच्या सकाळी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. इतरांचे मोजे उलटे झाले, लेकीला शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान मिळालं, जावयाला बुटाच्या नाड्या मिळाल्या, नातीने पत्त्यांचा इवलासा जोड सगळ्यांच्या नाकाखालून फिरवला. मग काकांचा मोजा आला. काकू शेजारी बसल्या, चवडा दोन्ही हातांनी धरला. काकांनी घसा साफ केला आणि हात आत घातला.

"साबण!" ते म्हणाले. वास तर मोज्याच्या तोंडाशीच येत होता. "नवीन वडी. गुलाबाची."

टाळ्या पडल्या. एवढ्यावर थांबायचं, पण काकांना चेव आला. "आणि वर गुलाबाचं फूल कोरलंय. पाकळ्या लागताहेत हाताला."

वडी बाहेर निघाली. ती साफ गुळगुळीत होती. फूल होतं ते खोक्यावर, आणि खोकं लेकीने कधीच फेकून दिलं होतं.

काकांनी जावयाकडे पाहिलं. हा माणूस स्प्रिंगच्या एका वेढ्यावरून तासभर भांडणारा. आता तो उठणार आणि इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करणार.

"बरोबर आहे बाबा," जावई म्हणाला आणि खाली बघून पायातली चप्पल सरळ करू लागला.

काकांनी घंटा काढली, ती आपणहून किणकिणली. डबी काढली, ती खुळखुळली. ही नावं त्यांनी सांगितली खरी, पण आवाजात जोर उरला नव्हता. समोर तीन वस्तू मांडल्या होत्या. एकीला वास होता, दोहोंना आवाज होता. बोटांनी ओळखावी अशी एकही नव्हती. लेक खिडकीबाहेर बघत होती, तिचे डोळे भरले होते. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी मिळून त्यांना जिंकवायचं ठरवलं होतं. काकांना इतकी लाज वाटली, की मोज्यात हाताबरोबर स्वतःही शिरावं. आणि त्याच वेळी या माणसांवर तितकीच माया दाटून आली.

"माझी भेट राहिली," काकू म्हणाल्या.

"काय ती तूच सांग. मला नाही कळायची," काका हळूच म्हणाले. घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"हात तर घाला."

काकांनी हात पार चवड्यापर्यंत घातला. काहीच लागलं नाही. ते बोटं इकडेतिकडे फिरवत राहिले आणि एकाएकी ओरडले, "आई गं!"

कुणीतरी आतून कडकडून चिमटा काढला होता.

त्यांनी वाकून पाहिलं. चवड्याची शिवण काकूंनी चक्क उसवून ठेवली होती आणि खालून आपला हात आत घातला होता. उघडी शिवण! मोज्यातला सगळ्यात मोठा दोष, आणि चाचपणेंच्या मांडीवर!

"लागलं?" काकूंनी विचारलं.

"मग काय, लागणार नाही? जीव घेतेस का?"

"कुठे लागलं?"

काकांनी मोज्यातल्या मोज्यात बोटं हलवून पाहिली. "अंगठ्याला. आणि तर्जनीला... जरासं."

"म्हणजे अजून काही गेलेलं नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. मी नंबर लावलाय."

"तुला कधी कळलं?"

"अहो, माझ्या दुकानात रोज माणसं येतात. समोरचा तक्ता पाठ करून येतात आणि सगळं दिसतंय म्हणून सांगतात. मला काय शिकवता? नातीला ताप आला तेव्हा तुम्ही हात लावायचं सोडून तिच्या कपाळाला गाल लावलात, तेव्हाच शंका आली. मग तुमच्या सुपरवायझर बाई चष्मा करायला आल्या. म्हणाल्या, तुमचे मिस्टर हल्ली मोज्यांचे मुके घेतात."

जावई इतका वेळ दाबून बसला होता, तो आता फुटला. मग लेक हसली, नात हसली आणि काकाही डोळे पुसत हसले.

हसू ओसरल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि डॉक्टर म्हणाले काम सोडा, तर?"

"तर सोडायचं. बोटं बरी झाली तर उत्तम, नाही झाली तर मी आहे," काकू म्हणाल्या. "गाल आहेच तुमचा."

बाजूला पत्ते पिसले जाऊ लागले, चहाचं आधण चढलं. हात मात्र दोघांचेही मोज्यातच होते.

"आजोबा, सांगा ना," नात मागे लागली, "आजीची भेट काय आहे?"

"थांब गं," काका डोळे मिटून म्हणाले, "अजून चाचपतोय."