बहिणीच्या सासरची गाडी

जळगावात विकायला आलेली प्रत्येक जुनी गाडी आजवर एका लेडी डॉक्टरने चालवलेली असते, हे मला या वर्षी कळलं.

"सिंगल हँड, साहेब. लेडी डॉक्टरची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर," असं एजंट म्हणाला आणि मी दार उघडलं. दाराच्या कप्प्यात गुटख्याच्या सात-आठ रिकाम्या पुड्या होत्या. खाली पायपुसणीवर पिचकारी वाळून तिचा तांबडा पापुद्रा धरला होता. सीटच्या डोक्यापाशी खोबरेल तेलाचा इतका जाड थर होता की नखाने रेघ ओढली तर तशीच राहिली. मी नख रुमालाला पुसलं आणि मग तो रुमाल खिशात ठेवावा की नाही, याचा विचार करत उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंचे शौक दांडगे होते.

"मीटर किती झालंय?" मी विचारलं.

"तुम्हाला किती पाहिजे?" एजंट म्हणाला. चेष्टा नव्हती. कापड दुकानात मीटर विचारावेत तसं त्याने विचारलं.

आमच्या घरात गाड्यांचा जाणकार मी. हे पद मला एका लग्नात मिळालं. वरातीची गाडी वाफ सोडून थांबली होती, मी बॉनेट उघडलं, आतल्या सगळ्या नळ्यांकडे गंभीरपणे पाहिलं आणि "थोडं थांबू द्या" म्हणालो. गाडी थंड होऊन आपोआप सुरू झाली. तेव्हापासून आमच्या भावकीत कुणीही गाडी घ्यायची म्हटलं की मला नेतात. मी टायरला लाथ मारतो, टरबूज पाहावं तशी पत्र्यावर टिचकी वाजवतो, बॉनेट उघडून "हं" म्हणतो. त्या "हं"वर लोकांनी गाड्या घेतल्या आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते मी विचारत नाही.

या वेळी मात्र गाडी माझ्याच घरी यायची होती. माझी मुलगी आणि माझ्या भावाचा मुलगा, दोघंही नुकतीच अठरा पूर्ण झालेली, हातात कोरी लायसन्स. दोघांचं कॉलेज हायवेवर, आणि आम्ही असोद्यात. पहिले काही महिने दोघं एका स्कूटीवर गेली. मग एके दिवशी वाळूचा डंपर शेजारून गेला आणि त्याच्या हवेनेच स्कूटी रस्त्याच्या खाली उतरली. मुलगी दोन्ही गुडघे सोलून घरी आली आणि हसत हसत सगळं सांगू लागली. तिची आई हसली नाही. तिने स्कूटीची किल्ली उचलली आणि ती कुठे ठेवली ते अजून आम्हाला माहीत नाही.

"पोरांच्या चारी बाजूंनी पत्रा पाहिजे," ती म्हणाली. "नाही तर कॉलेज राहू द्या."

पोरगी हुशार आहे. कॉलेज राहू देण्यासारखी नाही. म्हणून स्वस्तातली, भरपूर पळालेली, पण ब्रेक, पट्टे आणि एअरबॅगा शाबूत असलेली गाडी शोधायची होती. मुलीने मोबाइलवर यादीच केली होती. पुतण्याच्या यादीत एकच ओळ होती: स्पीकर.

तीन रविवार आम्ही जळगावच्या हायवेवरचे गाड्यांचे अड्डे पाहिले. एका गाडीत मागच्या सीटखाली केळीचा अख्खा फणा सडून काळा पडला होता आणि त्यातून बारीक माश्या उठत होत्या. एकीत उंदरांनी घर केलं होतं. विकणाऱ्याने गादीतला कापूस दोन बोटांनी आत ढकलला आणि "कंपनी फिटिंग" म्हणाला. एकीचं बॉनेट एका रंगाचं आणि दारं जरा वेगळ्या रंगाची. मी "हं" म्हणालो तर एजंटने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, मुलांसाठीच घेताय ना? मुलं ठोकणारच. मग आधीच ठोकलेली काय वाईट?" हे बोलताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. घरी येऊन मी शर्ट धुवायला टाकला.

अशा वेळी अक्काचे मोठे दीर मदतीला धावावेत, यात नवल नाही. अक्का माझी थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. तिच्या दिरांना आम्ही नाना म्हणतो. नानांनाच कुठून तरी कळलं आणि त्यांचा फोन आला. "भाऊ, बाजारात काय फिरतस? घरनी गाडी शे. बठ्ठं ओरिजनल शे."

मला हायसं वाटलं. घरची गाडी, सगळं ओरिजनल. लेडी डॉक्टर नाही, एजंट नाही.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. ज्या घरात बहीण दिली, त्या घरात भावाने मान खाली घालून बसायचं असतं. तिथल्या चहात साखर कमी पडली तरी "छान झालाय" म्हणायचं. तिथल्या माणसाला "खरं सांगताय ना?" असं विचारलं तर तो प्रश्न आपल्याला भारी पडत नाही, बहिणीला पडतो. हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्यात पोरं चालायला शिकतात तसंच हे त्यांना येतं. आणि अशा घरी मी गाडी पारखायला निघालो होतो!

आम्ही तिघं धुळ्याला पोचलो तेव्हा गाडी अंगणात धुऊन-पुसून उभी होती. चाकांना काळं पॉलिश, पुढे लिंबू-मिरची. मी बॉनेटकडे हात नेला तसे नाना ओट्यावरून ओरडले, "आधी जेवा, मंग गाडी देखा! पळी जाई का ती?"

जेवायला बसलो. शेवभाजी, बट्टी, वरण, वर तुपाची धार. अक्का वाढत होती. नाना शेजारी बसून आग्रह करत होते आणि मी दर घासाला थोडा थोडा विकला जात होतो. चौथी बट्टी पानात पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मी या माणसाच्या गाडीच्या टायरला लाथ मारू शकत नाही.

जेवणानंतर मी गाडीभोवती एक चक्कर मारली, हात पाठीमागे बांधून, देवळात मारतात तशी. दार उघडलं. आत तीन-तीन सुगंधी डब्या आणि एक अगरबत्तीची काडी. त्या मोगऱ्याच्या, चंदनाच्या आणि कसल्याशा निळ्या वासाच्या खालून आणखी एक वास येत होता. ओलं गोणपाट बंद खोलीत महिनाभर पडून राहावं तसा. मी म्हणालो, "नाना, ठेवलीय बाकी छान."

"देख, कशी चमकी राहिनी!" नाना म्हणाले.

मुलगी तोवर ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. तिने किल्ली फिरवली, समोरचे दिवे पाहिले, किल्ली बंद केली, परत फिरवली. मग पट्टा हातात घेतला आणि ओढू लागली. आपण लावताना ओढतो तेवढा नाही, विहिरीतून दोर काढावा तसा, संपेपर्यंत. पट्ट्याचा शेवटचा वीतभर भाग बाहेर आला तो राखाडी होता. वाळलेला गाळ. तिने त्यावर बोट फिरवलं, बोटाचं टोक पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी नानांकडे पाहिलं. नाना पुतण्याला स्पीकर दाखवत होते.

"दादा," मुलगी मला हळूच म्हणाली, "ही पाण्यात होती. आणि एअरबॅगचा दिवा लागतच नाही. किल्ली फिरवली की लागून विझायला पाहिजे. कुणी तरी काढून टाकलाय."

"हळू बोल," मी म्हणालो.

त्या दिवशी मी माझ्या मुलीला एवढंच सांगितलं. जिच्या चारी बाजूंनी पत्रा हवा म्हणून मी फिरत होतो, तिला म्हणालो, हळू बोल.

निघताना नानांनी विचारलं, "मंग? पसंत?"

"गाडी पसंत आहे, नाना," मी म्हणालो. "गाडीत नाव ठेवायला जागा नाही. घरात जरा विचारतो. आमच्या आबांचं काही तरी रंगावरून चाललंय." आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपासून डोळ्यांनी अधू आहेत. त्यांना गाडी आणि म्हैस यातला फरक आवाजावरून कळतो. पण खोटं बोलताना वडील कामाला येतात.

परतीच्या एसटीत मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "पट्टा ओढायचं मला सुचलं नव्हतं. आत्याने सांगितलं."

"कधी?"

"भाजी वाढताना. तुम्ही बट्टी मोडत होतात. वाकून म्हणाली, 'पट्टा पुरा वढून पाह्य. दोन दिस नाल्याच्या पान्यात उभी होती.'"

मी जेवत होतो त्याच वेळी, माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या बहिणीने तिच्या सासरच्या छताखाली खरं सांगून टाकलं होतं. तिला तिथे राहायचं आहे. मला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं, आणि तरी माझं तोंड उघडलं ते फक्त बट्टीसाठी. तुपाचा ढेकर आला. इतका घाण ढेकर मला आयुष्यात आला नसेल.

गाडी शेवटी पाचोऱ्याला मिळाली. मालक निवृत्त जनावरांचे डॉक्टर. म्हणजे डॉक्टरचीच मिळाली म्हणायची. दोन लाख किलोमीटरच्या वर पळालेली, आणि मीटरवर तेवढंच दिसत होतं. प्रत्येक ऑइल बदलल्याची नोंद एका वहीत. गेल्या गेल्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं, "क्लच बदलावा लागेल. एसी गार करत नाही. आणि वास जाणार नाही." वास खरोखरच जाण्यातला नव्हता. पंचवीस वर्षं गावोगावच्या गोठ्यांतून बूट घालून आत बसलेला माणूस. शेण, फिनेल आणि कसलं तरी औषध कापडात मुरलं होतं. डिकीत म्हशीचे केस होते. मुलीने नाकाला ओढणी लावून पट्टे पूर्ण ओढले, किल्ली फिरवून दिवे पाहिले, मग ओळखीच्या मेकॅनिकला गाडीखाली झोपायला लावलं. मला टायरला लाथसुद्धा मारू दिली नाही. तीन दिवस आम्ही ती घासत होतो. अजूनही ऊन चढलं की आत गोठा उघडतो. पुतण्याचे मित्र त्याला "ढोरांचा डॉक्टर" म्हणतात. पण ब्रेक दाबला की थांबते.

मला वाटलं, विषय संपला.

आठवड्याभराने, सकाळी दहाच्या सुमारास, यावलहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. केळीवाला होता, आवाजात अजिजी.

"भाऊ, तुम्ही असोद्याचे ना? धुळ्याच्या नानांनी तुमचं नाव सांगलं. त्यायची गाडी पाह्यतो आहे. माही दोन पोरं आहेत, नवीनच शिकले. नाना म्हने, असोद्याच्या भाऊले लय पसंत होती, गाडीत नाव ठेवाले जागा नाही म्हने, फक्त रंगानं राह्यली. तुम्हाले त्यातलं समजते असं आइकलं. म्हणून इचारतो. घेऊ ना?"

माझंच वाक्य, शब्दाला शब्द. मी सभ्यपणा म्हणून बोललो होतो आणि नानांनी ते गाडीच्या काचेवर चिकटवलं होतं.

मुलगी समोर बसून चहा पीत होती. फोनचा आवाज मोठा असतो माझा. तिने कप खाली ठेवला. मला अक्काचा चेहरा दिसत होता. मी पाण्याचं बोललो तर त्या घरात पहिला प्रश्न हाच निघणार: हे बाहेर कुणी सांगितलं?

"घेऊ नका," मी म्हणालो.

"काहून?"

"पाण्यात बुडलेली आहे. एअरबॅग मेलेली आहे. पोरांना त्यात बसवू नका."

मग तो म्हणाला, "तुम्हाले माहीत होतं?"

"होतं."

"अन् पसंत आहे म्हने?"

उत्तर होतं, तिथे बहीण दिलीय. पण ते बहिणीच्या नावावर न टाकण्याइतकी लाज माझ्यात अजून शिल्लक होती. "मी पट्टा ओढून पाहिला," मी म्हणालो. "मीच पाहिलं. नानांनी विचारलं तर माझं नाव सांगा."

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण दुरुस्ती केली नाही.

दुपारी चहाच्या वेळेला नानांचा फोन आला. दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला. नाना ओरडले नाहीत, तेच वाईट.

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही मन्हा घर जेवनात ना?"

"जेवलो, नाना," मी म्हणालो. "गाडी आधी पाहायला हवी होती."