‘जरा वेळ’ म्हणजे किती मिनिटं

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, पडद्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण त्यांनी इतकी मनावर घेतली की आधी कंबर मोडली आणि मग डॉक्टरांनीच वाकायला बंदी घातली. ऑपरेशन झालं, नोकरी गेली, बाणा तेवढा शिल्लक राहिला.

त्या बाण्याचा आवडता शब्द ‘जरा’. कळ मस्तकात गेली तरी ‘जरा लागतंय’. किती वेळ उभे राहाल, असं विचारलं की ‘जरा वेळ काय, कितीही!’ अशाने दोन नोकऱ्या लागल्या आणि दोन्हीकडून स्वारी आठवड्याच्या आत आडवी होऊन घरी आली.

आजारपणातून उठलेल्यांना काम मिळवून देणारं एक केंद्र आहे. तिथल्या मॅडमनी तिसऱ्या खेपेला पेनच खाली ठेवलं.

“मास्तर, ताकाला येऊन भांडं लपवू नका. मिनिटं सांगा.”

“मिनिटं काय सांगायची?”

“का? कापड अंदाजाने कापता?”

हे मात्र झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून भावजी उभे राहिले की घड्याळ बघायचे. आकडा मात्र घरात कुणाला सांगतील तर शपथ!

मग एका कारखान्यातून बोलावणं आलं. ही जागा हुकली तर यंदा दुसरी नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. ताई आणि मी दाराबाहेरच्या बाकावर कान लावून बसलो.

“उभं राहायला जमेल ना?” मालकीणबाईंनी विचारलं.

मला वाटलं, आता येतोय ‘जरा’.

“बारा मिनिटं,” भावजी म्हणाले. “मग डावा पाय बधिर होतो. पण उंच स्टूल द्या, दिवसभर कापेन. सूतभर चुकणार नाही.”

बाईंनी स्टूल मागवलं, भावजींकडून एक पडदा कापून घेतला आणि सोमवारपासून या म्हणाल्या. मी टाळीच वाजवली.

जिन्यात ताई मध्येच थांबली.

“बारा मिनिटं? आणि रोज जेवणं झाली की माझ्याबरोबर अर्धा तास भांडी विसळत उभे राहता, ते?”

“तू कधी मिनिटं विचारली नाहीस,” भावजी हसत म्हणाले.

ताईला हसू आलं नाही. “विचारायला हवी होती हो,” म्हणाली, आणि भर जिन्यात रडायला लागली.